पाइपाची बैठक

हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची पाइप मागितला की काउंटरवरून आधी प्रश्न येतो, पाण्याचा की लाइटचा? मध्य प्रदेशातल्या बालाघाटला तो हिंदीत येतो, गोंदियाला अर्ध्या हिंदीत, नागपूरच्या इतवारीत मराठीत. पण प्रश्न तोच. पाण्याचा म्हणजे जाड भिंतीचा, दाब सोसणारा. लाइटचा म्हणजे पातळ, वायरी ओढण्यापुरता. अलीकडे मात्र एक तिसरं गिऱ्हाईक तयार झालं आहे. त्याला नळ लावायचा नसतो आणि बोर्डही बसवायचा नसतो. पाइपापेक्षा त्याच्या यादीत एल्बो आणि टी जास्त असतात आणि प्रत्येक तुकड्याचं माप तो कागदावर उतरवून आणतो. कुणाला मच्छरदाणीचा सांगाडा करायचा असतो, कुणाला चपलांचा रॅक, कुणाला ओले कपडे टाकायचा घोडा, तर भाद्रपदात कुणाला महालक्ष्म्यांच्या मागे पडदा लावायची चौकट.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लोक हे करायला लागले, असं सरसकट बोललं जातं. हौस तिथून आली असेल. कूळ तिथलं नाही. पोकळ नळी घरात आली की आज ना उद्या माणूस तिच्यावर बसतो, तिला काही टांगतो, तिचा पलंग करतो. हे प्लास्टिकच्या आधीपासून चालत आलं आहे, आणि बालाघाटसारख्या जिल्ह्यात तर लोखंडाच्याही आधीपासून.

या जिल्ह्याचा अर्ध्याहून अधिक भाग जंगल आहे, आणि त्या जंगलात बांबू. बांबू दोन तऱ्हेचा. डोंगरउतारावर, कोरड्या जमिनीत येतो तो लाठीचा बांबू, आतून जवळजवळ भरीव. ओलाव्याला, नाल्याच्या काठाने येतो तो काटेरी कटंग, उंच, जाड आणि खरोखर पोकळ. सूप, टोपली, धान्याची ढोली, घराची ताटी हे बुरुडांचं काम. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात बांबूकाम करणाऱ्यांच्या नोंदीवर बसोर, बंसफोर, धुलिया आणि बुरुड अशी चार नावं एका ओळीत आहेत. हिंदी मुलुखातली नावं आणि मराठी मुलुखातलं नाव शेजारी शेजारी बसलेली, तेव्हा नागपूर, भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते म्हणून.

बांबूचा गुण त्याच्या पोकळपणात आहे. वाकवताना दांड्याच्या मधल्या भागावर ताण जवळपास येतच नाही, सगळा ताण बाहेरच्या कडेवर येतो. मधला माल काढून टाकला तरी दांडा फारसा दुबळा होत नाही, हलका मात्र पुष्कळ होतो. शिवाय दर वितीवर पेर आहे, त्यामुळे नळी दाबली जाऊन चपटी होत नाही. इतकं सगळं असून बांबूत एक उणीव आहे, आणि ही सगळी कथा त्या उणिवेवर फिरते. बांबूला कोपरा करता येत नाही. दोन बांबू काटकोनात आणले की एक दुसऱ्यावरून जातो, मग दोरी किंवा बांबूचीच ओली साल आवळायची. बांध सुटू नये म्हणून दोन्ही टोकं चार बोटं पुढे ठेवावी लागतात. मचाणाला, मांडवाला हे चालतं. जाड बांबूला भोक पाडून बारीक त्यात ठोकला की बाजही होते. पण दोरी सुकते, भोक मोठं होतं, आणि वर्षा-दोन वर्षांत बाज कुरकुरायला लागते. बांबूची वस्तू मोडते ती बहुतेक वेळा जोडावरच. बांबू शाबूत असतो.

जोडाचा प्रश्न सोडवला तो विलायतेत, आणि तोही फर्निचर करणाऱ्यांनी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये गॅसचे दिवे लागले. गॅस न्यायला नळ्या हव्यात, आणि नेपोलियनच्या लढाया संपल्यावर बंदुकांच्या नळ्या स्वस्त झाल्या होत्या. त्यांना आटे पाडून एकीला एक जोडत पहिल्या गॅसलाइनी झाल्या. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने तापलेली लोखंडी पट्टी ओढून गोल करायची आणि कडेला कड जुळवायची रीत पेटंट केली, आणि नळी कारखान्यातून मैलोन्‌मैल निघू लागली. नळी सरळ, घर मात्र वळणावळणाचं. म्हणून एल्बो, टी, सॉकेट, युनियन आले. ठरलेल्या मापाचा, आटे पाडलेला, कुणीही फिरवून बसवावा असा तयार कोपरा माणसाच्या हातात पहिल्यांदा आला तो इथे. पुढे जो फर्निचरचा वंश वाढला त्याचा मूळपुरुष नळी नाही, हा एल्बो आहे, असं माझं मत आहे.

नळीची खुर्ची करायची खटपट त्याच शतकात झाली होती. पॅरिसमध्ये गांदियो नावाच्या कारखानदाराने १८४४ च्या सुमाराला पोकळ लोखंडी नळीच्या खुर्च्या काढल्या. पण त्या लाकडासारख्या दिसाव्यात असा त्यांचा आटापिटा होता. नळी ही नळीसारखी दिसली तरी लाज वाटायला नको, हे सुचायला आणखी ऐंशी वर्षं गेली.

ते सुचलं जर्मनीत. डेसाऊच्या बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर शिकवत होता आणि अॅडलर सायकलवरून फिरत होता. सायकलचं वाकवलेलं हँडल बघून १९२५ मध्ये त्याला नळीची खुर्ची सुचली, आणि ती जोडायला त्याने सुतार न बोलावता प्लंबर बोलावला. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर १९२६ मध्ये, श्टुटगार्टला वास्तुकारांची बैठक भरली. पुढच्या उन्हाळ्यात वाइसनहोफच्या टेकडीवर नव्या धर्तीच्या घरांचं प्रदर्शन भरायचं होतं, त्याची ती तयारी. तिथे मार्ट स्टाम या डच वास्तुकाराने कागदावर एक खुर्ची काढून दाखवली. तिला मागचे पाय नव्हते. आणि ती केली होती घरोघरी असतात त्या गॅसच्या नळीचे सरळ तुकडे नि नळजोडणीतले एल्बो घेऊन. माणूस बसतो ती चौकट पुढच्या दोन पायांवर तोललेली, पाय खाली वळून जमिनीवर मागे गेलेले. बैठकीला जर्मन वास्तुकार मीस व्हॅन डर रोअ हजर होता.

आपल्या तिसऱ्या गिऱ्हाइकाने हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विसाव्या शतकातली एक फार गाजलेली खुर्ची जन्माला आली ती प्लंबिंगच्या सामानातून, आणि बाजारात जाताना तिने प्लंबिंगचं सामान टाकून दिलं. प्रदर्शनासाठी स्टामने एल्बो काढून नळीच वाकवून घेतली आणि ती दबू नये म्हणून आतून सळई घातली. मीसने १९२७ मध्ये तिला कमानीचा झोक दिला, ब्रॉयरने १९२८ मध्ये वेताने विणलेली चौकट घातली. मग ही कल्पना कुणाची यावरून कोर्टकचेरी झाली आणि १९३२ मध्ये जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयाने कौल स्टामच्या बाजूने दिला. आज हॉस्पिटलच्या बाहेर, तलाठी कार्यालयात, बँकेत ज्या नळीच्या खुर्च्या दिसतात त्या सगळ्या या भांडणाच्या वारसदार. कारखान्याकडे वाकवायचं यंत्र असतं, म्हणून त्याला एल्बो लागत नाही. घरी करणाऱ्याकडे यंत्र नसतं. एल्बो त्याच्यापाशीच राहिला.

१९२६ सालीच अमेरिकेत ओहायोमध्ये वॉल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ पीव्हीसीशी झटत होता. पीव्हीसी नवं नव्हतं. १८३५ मध्ये फ्रान्सच्या रेन्योला आणि १८७२ मध्ये जर्मनीच्या बाउमानला उन्हात ठेवलेल्या बाटलीत पांढरी भुकटी आढळली होती, पण तिचं करायचं काय हे कुणाला कळेना. फ्रिट्झ क्लाटने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिचं पेटंट घेतलं आणि १९२५ मध्ये ते सोडून दिलं गेलं. सेमनने ती भुकटी तेलासारख्या द्रावणात शिजवून रबरासारखी मऊ केली. त्यातून वायरींची आवरणं आली, रेनकोट आले, सोफ्याचं रेक्झिन आलं. आपला पाइप मात्र त्या मऊ वंशातला नाही. तो कडक पीव्हीसीचा, आणि कडक पीव्हीसीच्या नळ्या १९३०च्या दशकाच्या मध्यात जर्मनांनी काढल्या. पुढे युद्धात तांबं-शिसं मिळेना, तेव्हा या नळ्यांचं चांगलंच फावलं.

या मालाची आणखी एक गंमत. पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतं, आणि क्लोरीन येतं मिठातून. म्हणजे प्लास्टिक म्हणून ज्याला आपण तेलाचं पोर समजतो त्याचा मोठा वाटा समुद्राचा आहे.

भारतात पीव्हीसी बनायला लागलं ते १९६०च्या दशकात. १९६८ मध्ये पाण्याच्या पीव्हीसी पाइपांसाठी आयएस ४९८५ हे मानक निघालं. पाइप घरोघर नेला तो मुख्यतः शेतकऱ्याने, आणि त्यात महाराष्ट्राचा हात मोठा. अजिंठ्याजवळच्या वाकोदचे भवरलाल जैन १९६३ मध्ये रॉकेल विकत होते, १९८० मध्ये जळगावात पीव्हीसी पाइप काढू लागले. पुण्याच्या छाब्रिया बंधूंच्या फिनोलेक्सने १९८१ मध्ये पाइप सुरू केले आणि १९९०च्या दशकात रत्नागिरीजवळ रनपारला पाइपाचा कच्चा मालच करायला घेतला. विहिरीपासून बांधापर्यंत लोखंडी पाइप टाकणं ज्याच्या ऐपतीबाहेर होतं त्याच्या खांद्यावर आता वीस फुटी लेंथ आली. खांद्यावर म्हणजे खरोखरच खांद्यावर. तेवढ्या लांबीचा लोखंडी पाइप उचलायला दोघं-तिघं लागतात.

भाताच्या मुलुखात शेतकरी या पाइपाशी काय करतो ते बघितलं की पुढचं फर्निचर आपोआप समजतं. शेतात पाइप फुटला आणि सॉकेट हाताशी नाही. मग तणस पेटवायची. त्या जाळावर पाइपाचं टोक फिरवत फिरवत धरायचं, जाळात घालायचं नाही, जाळाच्या वर. टोक चकचकीत होतं, थोडं लोंबतं, त्याच क्षणी दुसरा पाइप आत दाबायचा आणि ओलं फडकं गुंडाळायचं. निवलं की तोंड फुगलेल्या पाइपाचं सॉकेट तयार. घाई केली तर टोक करपतं आणि नाकात झोंबणारा धूर येतो. ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी नरम पडतं आणि निवलं की पुन्हा कडक होतं, हे कुठल्याही पुस्तकाविना धुऱ्यावर उभं राहून शिकलेलं ज्ञान आहे. जयपूर फूटचे कारागीर हेच करतात, फक्त दुसऱ्या प्लास्टिकवर: पाणीपुरवठ्याचा एचडीपीई पाइप भट्टीत नरम करून प्लास्टरच्या साच्यावर चढवतात आणि माणसाच्या गुडघ्याखालचा कृत्रिम पाय करतात. पाइपाचं पाण्यावाचून दुसरं काही होतं, याचा इतका चांगला दाखला माझ्या माहितीत दुसरा नाही.

बालाघाटात पाइप पाण्याच्या कामातून घरसामानात यायला माझ्या मते तीन गोष्टी कारण झाल्या. पहिली, डास. बैहर, परसवाडा, बिरसा हा पट्टा मलेरियाचा जुना मुलूख. जबलपूरच्या आयसीएमआरच्या संशोधकांनी इथल्या बैगा आदिवासींच्या गावांत वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि औषध भिनवलेल्या सरकारी मच्छरदाण्या गावोगाव वाटल्या गेल्या. मच्छरदाणीला चार कोपऱ्यांवर चार नाडे असतात. ते बांधायचे कशाला? कवेलूच्या घरात मयाल होतं, फाटे होते, दोरी टाकली की झालं. घरकुल मंजूर झालं, वर स्लॅब पडला, आणि मयाल गेलं. स्लॅबला दोरी बांधता येत नाही, भिंतीत खिळा ठोकला की पोपडा निघतो, आणि खाट रोज भिंतीला लागून असेलच असं नाही. आता सांगाडा हवा.

दुसरी गोष्ट कागद. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत धरलं. त्यामुळे दारचा बांबू तोडून गाडीत घालायचा तर वाहतूक पास हवा, नाही तर नाक्यावर अडवला जायचा. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्याच जंगलातला बांबू विकायला स्वतःचं पासबुक मिळालं ते एप्रिल २०११ मध्ये, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्र्यांना गावात यावं लागलं, यावरून कागदाचं वजन कळावं. जंगलाबाहेरच्या बांबूची झाडांतून सुटका नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. जंगलातला अजून तिथेच आहे. निस्तारच्या, म्हणजे सवलतीच्या, दराने गावकऱ्याला बांबू मिळतो, नाही असं नाही. पण डेपो उघडायची वाट बघायची, मिळेल तो घ्यायचा, चिरायला बुरुड शोधायचा. पाइपाला यातलं काही लागत नाही. रविवारी सकाळी दुकानातून सायकलला बांधून आणला तरी कुणी विचारत नाही. नव्वद वर्षं गवताला झाड म्हणून मोजलं, त्याचा सगळ्यात मोठा फायदा प्लास्टिकला झाला, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

तिसरी गोष्ट सणाची. बालाघाटातल्या मराठी घरांत महालक्ष्म्या बसतात, गणपती बसतात, आणि त्यांच्यामागची आरास पूर्वी थर्माकोलची असायची. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोल बंद केलं, पण १९५६ मध्ये भंडारा-नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, त्यामुळे तो नियम इथे लागू नव्हता. १ जुलै २०२२ पासून सजावटीचं थर्माकोल देशभरच बंद झालं. मग चार पाइप, दोन एल्बो, त्यावर साडी किंवा पडदा, फुलांच्या माळा. विसर्जन झालं की तुकडे सुटे करून माळ्यावर. एका प्लास्टिकवर बंदी आली आणि त्याच्या जागी दुसरं प्लास्टिक बसलं, पण हे दुसरं निदान दरवर्षी तेच वापरता येतं.

आता सांगाडा करू या, कारण एल्बोची खरी खोडी हातात घेतल्याशिवाय लक्षात येत नाही. सहा बाय चारची खाट, पाच फूट उंच चौकट. वरच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन पाइप भेटायला हवेत: एक लांबीचा, एक रुंदीचा, एक खाली जाणारा. दुकानात एल्बो आहे, तो दोनांना जोडतो. टी आहे, ती तिघांना जोडते, पण तिन्ही तोंडं एकाच सपाटीत. नळजोडणीचं सगळं सामान भिंतीवर चालण्यासाठी केलेलं असतं. भिंत सपाट, म्हणून सामानही सपाट. खोलीच्या कोपऱ्यासारखा तीन दिशांना जाणारा जोड परदेशात फर्निचरसाठी मुद्दाम बनतो, आपल्याकडे छोट्या गावात तो मागितला तर दुकानदार टी काढून देतो.

यावर कारागीर जी युक्ती करतात ती बघण्यासारखी आहे. लांबीच्या पाइपाच्या टोकाला एल्बो लावून तो खाली वळवायचा, म्हणजे उभा पाय तयार. त्या एल्बोच्या अलीकडे दोन इंचांचा तुकडा ठेवून एक टी घालायची आणि तिचं मधलं तोंड आडवं, खाटेच्या रुंदीकडे करायचं. रुंदीचा पाइप त्यात जातो. तीन पाइप एका बिंदूत भेटत नाहीत, दोन इंच चुकवून भेटतात. चारही कोपरे मिळून चार एल्बो, चार टी, चार बारके तुकडे. बांबूच्या मांडवात टोकं चार बोटं पुढे काढावी लागायची, इथे जोड दोन इंच मागे घ्यावा लागतो. कोपरा इथेही पुरता सुटलेला नाही.

मग सोल्युशन. अनेकांना ते डिंकासारखं चिकटवतं असं वाटतं. ते चिकटवत नाही, पीव्हीसीला वितळवतं. पाइपाची बाहेरची आणि एल्बोची आतली कातडी दोन्ही विरघळतात, एकमेकांत मिसळतात, आणि आतला द्रव उडून गेला की मध्ये सीमाच राहत नाही. म्हणून टोक काचपेपरने घासायचं, दोन्हीकडे लावायचं, घालताना पाव फेरा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, नाही तर पाइप स्वतःहून मागे सरकतो. गोची अशी की एल्बोचं तोंड आत किंचित निमुळतं असतं. कोरडा पाइप घातला तर तो अर्ध्या-पाऊण वाटेवर अडकतो. लोक आधी सगळं कोरडं जुळवून बघतात, चौकट छान बसते, मापं तीच धरतात. सोल्युशन लावलं की तोच पाइप पूर्ण आत जातो. एका पायाचा अर्धा इंच गेला, दुसऱ्याचा पाऊण, आणि चौकट डुगडुगते. जाणता माणूस तोंडाची खोली आधी मोजतो, पाइपावर मार्करने तेवढ्या अंतरावर रेघ मारतो आणि रेघेपर्यंत पाइप गेला की नाही तेवढंच बघतो. जिथे सुटं करायचं आहे तिथे सोल्युशन लावतच नाही, एक स्क्रू मारतो. पायांत खालून वाळू भरून बूच लावतो, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने सांगाडा हलत नाही. आणि शेवटी हे पाय खाटेच्या पायांना बांधतो सुतळीने. बुरुडाची गाठ एवढं सगळं होऊनही कामाला येते.

मच्छरदाणी पेलायला हा सांगाडा उत्तम. त्यावर ओली चादर टाकायची सवय लागली की त्याचा स्वभाव कळतो. पोलाद पीव्हीसीपेक्षा साठपटीहून अधिक ताठ असतं. सहा फुटांचा पाऊण इंची पाइप मध्ये आधाराशिवाय ठेवला की तो लवतो, आणि भार कायम राहिला तर लवलेलाच राहतो. पाइपावर छापलेला दाबाचा आकडा २७ अंश तापमानासाठी धरलेला असतो. मे महिन्यात इथली टिनाच्या छपराखालची खोली किती तापते ते इथल्यांना सांगायला नको. उघड्या अंगणात ठेवला तर उन्हाने पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि एक दिवस धक्क्याने फुटतो. रंगाचा एक हात दिला तर बरीच वर्षं टिकतो.

खुर्चीचं काय? अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत पांढऱ्या पीव्हीसी पाइपाच्या अंगणातल्या खुर्च्या, आरामखुर्च्या, वर फुलाफुलांच्या गाद्या, असा मोठा बाजार होता. इटलीत जो कोलोंबोने १९६९ मध्ये चार वेगवेगळ्या जाडीचे प्लास्टिकचे गोल, वर फोम आणि कापड, एकात एक घालून पिशवीत विकायला ठेवले. हवे तसे जोडा आणि बसा. पण पाइपाच्या खुर्चीला मात दिली ती एका साच्याने. १९७२ मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोने याने अखंड प्लास्टिकची खुर्ची दोन मिनिटांच्या आत साच्यातून काढली. तिला जोडच नव्हता. १९९०च्या दशकात नीलकमल आणि सुप्रीमच्या तशा खुर्च्या लग्नाच्या मांडवात, ग्रामसभेत, पानटपरीसमोर पोचल्या आणि भारतात पाइपाची खुर्ची जन्मायच्या आधीच तिचं काम संपलं. साचा फक्त ठरलेल्या मापाची वस्तू देतो. म्हणून पाइपाने ज्या जागा धरल्या त्या मापाच्या: तुमचीच खाट, तुमच्याच दाराआडचा कोनाडा, तुमच्याच देवघराची रुंदी.

एका गोष्टीचा गोंधळ होतो म्हणून सांगून टाकतो. पुण्या-नागपुरात "पीव्हीसी फर्निचर" अशी पाटी दिसली तर आत पाइप शोधू नका. तिथे पोकळ पट्ट्यांच्या फळ्यांची कपाटं, किचन ट्रॉल्या, बाथरूमची दारं मिळतात. पाइपासारख्याच यंत्रातून निघतात, फक्त तोंडाचा साचा गोल न ठेवता चौकोनी कप्प्यांचा. वाळवी लागत नाही, फुगत नाही, म्हणून खपतात. ही पाइपाची चुलत भावंडं, आणि हल्ली घरात त्यांचाच मान जास्त आहे.

तेव्हा करायचंच असेल तर मच्छरदाणीचा सांगाडा करा, कपड्यांचा घोडा करा, आरास करा, रोपांची मांडणी करा. जास्त वजनाला पाऊण इंचीऐवजी एक इंची घ्या आणि दर दोन-अडीच फुटांवर आधार द्या. माणूस बसेल, म्हातारं माणूस हात टेकून उठेल किंवा लेकरू चढेल अशी वस्तू पाइपाची करू नका. त्याला लोखंड घ्या, नाही तर बुरुडाकडे जा, त्यालाही काम मिळेल. कापताना निघालेला भुसा झाडून उचला, कारण आपल्याकडच्या पाइपांत वर्षानुवर्षं शिशाचं संयुग मिसळलं जात होतं आणि ते काढायचे नियम निघाले ते २०२१ मध्ये. आणि उरलेले तुकडे थंडीत शेकोटीत टाकू नका. त्यातला अर्ध्याहून अधिक भाग क्लोरीन आहे, आणि तो धूर आधी शेकायला बसलेल्याच्याच छातीत जातो.